मिठातली गाठ

मुलांनो, आजी दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये काय बघायची, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

शस्त्रक्रियेत काढलेली गाठ माझ्याकडे यायची. ती फॉर्मलिन नावाच्या औषधात बुडवलेली असावी लागते, नाहीतर सडते. मग तिचा तुकडा मेणात बसवायचा, अगदी पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि पाहायचे. पेशी शिस्तीत आहेत की नाहीत, एवढंच. माणूस सहसा दिसत नसे. त्याचा नंबर दिसे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाशीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत माझी लॅब होती. समोर बांधकामं चालू होती. सिमेंटची धूळ बसू नये म्हणून मी मायक्रोस्कोपवर तुमच्या पणजोबांचं जुनं धोतर दुहेरी करून घालत असे.

एका सकाळी उरणकडचा एक मिठागरात काम करणारा माणूस आला. त्याच्या बायकोच्या स्तनातली गाठ तिथल्या सर्जननी काढून, बाटलीत घालून त्याच्या हाती दिली होती. त्याने पिशवीतून लोणच्याची बरणी काढली. आत खडेमीठ होतं.

“गाठ कुठे आहे?”

“मिठात हाय, बाय. बाटली आडवी झाली, दवा सांडली सगली. सडंल म्हनून मीठ लावलं. आमी मावरं, मासली ठेवतो ना, तसंच. चांगलं पांढरं मीठ हाय, मातीचं नाय.”

मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं. त्या आकसतात, काळ्या पडतात, साधी गाठही वाईट दिसू शकते. हे काही मी त्याला सांगितलं नाही. “मीठ घालायला नको होतं,” एवढंच म्हणाले, “तीन दिवसांनी या.”

गाठ आवळ्याएवढी होती. कडेचे काप पाहिले, काही वाचता येईना. दुसरी गाठ मागवता येणार नव्हती, म्हणून अगदी मधून, जिथे मीठ पोचलं नव्हतं तिथून, नवे काप घेतले. एका कोपऱ्यात पेशी मुळात होत्या तशा दिसल्या. कॅन्सर होता. मी पुन्हा पाहिलं, डबा खाल्ला, तिसऱ्यांदा पाहिलं आणि रिपोर्ट टाइप केला. काही वाटलं नाही. डब्यात दुधी होता, ते आठवतं.

तो आला तेव्हा मी बंद पाकीट दिलं. “सर्जनना द्या.”

“कॅन्सर हाय ना?”

“ते सांगतील.”

तो उठला नाही. “मी मीठ लावलं म्हनून झाला का?”

“नाही.”

“तुमीच बोललात, मीठ नको होतं.”

“मला बघायला त्रास होतो म्हणून म्हटलं. गाठ आधीपासूनच तशी होती.”

“सासू तवाच वरडली, मानसाच्या मांसाला मीठ लावतोस, तिला भोगाय लागंल. आता बायकोपन तेच धरून बसलीय. बोलते, डाक्टरकडं परत नाय जायची, तू मला खारवलंस.” तो जरासा हसला. “माझं नाय ऐकायची. तुमी कागदावर लिवून द्या.”

माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं, रिपोर्टही इंग्रजीत. मराठी मी तेव्हा वाण्याच्या यादीपुरतीच लिहीत असे. पाकीट फोडलं आणि रिपोर्टच्या तळाशी पेनाने लिहिलं: ‘गाठ मिठामुळे बिघडलेली नाही. ती काढण्याआधीच तशी होती. पुढचे उपचार घ्यावेत.’ त्याने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“शिक्का बी मारा, बाय. शिक्का असला की सासू गप बसंल.”

शिक्का मारला. तो गेला. मी हात धुतले आणि पुढची स्लाइड घेतली.

त्याची बायको सर्जनकडे परत गेली की नाही, मला कधी कळलं नाही. पुष्कळ वर्षांनी लॅब बंद केली तेव्हा त्या रिपोर्टची कार्बन कॉपी फाइलमध्ये सापडली. इंग्रजी मजकूर सगळा होता. पेनाने लिहिलेल्या ओळी मूळ कागदाबरोबर गेलेल्या, इथे तळाशी कोरा कागद.