कुणाचंच नसलेलं नाव

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी मला मी पाठवलेली जीप आठवते. गुन्हा उघडकीस आला, आरोपी सापडला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण भर बाजारात एका निरपराध माणसाच्या दुकानापुढं ती जीप उभी राहिली ती माझ्या हुकमानं, आणि याबद्दल मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात साठीचे एक मसाला व्यापारी तक्रार अर्ज घेऊन आत आले. घराणं मूळचं कर्नाटक सीमेकडचं. कांदा-लसूण चटणी आणि मसाल्याचं दुकान वडिलांनी काढलेलं, वडिलांच्याच नावाचं. ते गेल्यावर वाटणी झाली आणि एका दुकानाची दोन झाली, तीही रस्त्याच्या दोन अंगांना समोरासमोर. दोन्ही पाट्यांवर नाव मात्र वडिलांचंच राहिलं. नाव कसं वाटायचं ते पंचांनाही सुचलं नसावं.

अर्जात लिहिलं होतं की त्यांना एक ईमेल आला. दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, शेवटी डॉट कॉम असलेला, आमच्या मालकीचा असून तो विकणे आहे, असा मजकूर. खाली आणखी एक ओळ होती. तुमच्याच शहरातल्या, याच नावाच्या दुसऱ्या दुकानदारानंही चौकशी केली आहे, तरी त्वरा करावी. यांनी त्वरा केली, पैसे भरले. पत्ता काही मिळाला नाही. उलट, समोरच्यानं जास्त रक्कम देऊ केली आहे, असा दुसरा ईमेल आला. यांनी पुन्हा पैसे भरले. त्यानंतर ईमेल पाठवणारा गप्प झाला.

संशयिताच्या रकान्यात त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाचं नाव घातलं होतं.

"संशय कशावरून?" मी विचारलं.

"संशय कसला, सायेब? खात्री हाय! ह्या नावाचं दुसरं दुकान गावात त्याचंच की. अप्पांचं नाव त्याला एकट्याला गिळायचं हाय."

पोलिसाला भाऊबंदकीची सवय झालेली असते. भावानं भावाविरुद्ध अर्ज दिला की निम्मा तपास झालाच, असं आम्ही धरून चालतो. खरं तर मी रीतसर नोटीस काढायला हवी होती. नुसता फोन केला असता तरी तो माणूस चालत आला असता. मी जीप पाठवली. वर्षाचा मसाला भरायचे दिवस होते, दुकानात बायाबापड्यांची रांग होती आणि सगळ्यांच्या देखत त्याला जीपमध्ये बसवून आणलं.

तो पन्नाशीचा, सडपातळ, चटणीच्या रंगानं बोटं लाल झालेला माणूस. तासभर मी प्रश्न विचारत होतो आणि तो मान खाली घालून बसला होता. न बोलणारा माणूस गुन्हेगार असतो हा आमच्या खात्यातला जुना भ्रम. शेवटी मी आवाज चढवला तेव्हा त्यानं खिशातून फोन काढून माझ्यापुढं ठेवला. फोनवर तोच ईमेल होता, शब्दाला शब्द तोच. पैसे त्यानंही दोनदा भरले होते.

"मग तक्रार का दिली नाहीत?"

"कुणाविरुद्ध द्यायची? मला वाटलं, ह्ये सगळं अण्णाच करतोय. थोरला हाय त्यो, सायेब. अप्पांच्या जागी. त्याच्यावर पोलीस घालू व्हय?"

मला शरम वाटली. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आम्ही दुसऱ्यांच्या तपासाला हसून म्हणायचो. मी त्याला चहा दिला आणि माफी मागितली. पण बंद खोलीतली माफी बाजारात ऐकू जात नाही.

अनोळखी इसमाविरुद्ध फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. ज्या बँक खात्यात पैसे गेले होते ते एका परप्रांतीय मजुराचं निघालं; खातं भाड्यानं दिलेलं, मालकाला पत्ता नाही. आमच्याकडं संगणकात हुशार अशी एक महिला कॉन्स्टेबल होती. तिनं सायबर शाखेतून याच प्रकारचे आणखी तीन अर्ज मिळवले. एक पेढेवाल्याचा, एक चपलांच्या दुकानाचा, एक भेळवाल्याचा. कागदावर त्यांच्यात काही समान दिसेना. मी साध्या वेशात चालत निघालो. तपास अडला की मी चालायचो, त्याला डोकं फारसं लागत नाही.

तिन्ही दुकानांपुढं उभा राहिलो आणि स्वतःलाच हसलो. तिन्ही पाट्यांवर नावाखाली ठळक लिहिलं होतं: आमची कोठेही शाखा नाही. मसाल्याच्या दोन्ही दुकानांवरही तेच होतं. आमच्या गावात ही ओळ इतकी सर्रास आहे की ती कुणी वाचत नाही. पण तिचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. याच नावाचं दुसरं दुकान जवळपास आहे, ते भावाचं किंवा पुतण्याचं आहे, आणि जखम अजून ओली आहे. कुणीतरी गल्लोगल्ली हिंडून नेमकं हेच वाचत होतं.

धाकट्याला पुन्हा भेटलो, या वेळी दुकानाच्या मागच्या दारानं. पाटीची चौकशी करायला कुणी आलं होतं का, असं विचारलं.

"आलतं की एक पावणं! फोनच्या नकाशावर दुकान चढवतो म्हणालं. पाटीचा फोटो काढला, आन् समोरचं दुकान कुणाचं म्हनून इचारलं. मग मी सांगितलं सगळं."

"किती वेळ सांगितलंत?"

"अर्धा तास तरी. चहाबी पाजला."

थोरल्यांनीही त्याला चहा पाजला होता, शिवाय घरी न्यायला चटणीची पुडी दिली होती. माणूस वैऱ्याबद्दल दोन वाक्यं बोलतो, भावाबद्दल अर्धा तास बोलतो, हे त्या पाहुण्याला आमच्याआधी कळलं होतं. दोघांनी केलेलं वर्णन जुळलं आणि नकाशावर चढवलेल्या फोटोंवरून त्याचा माग लागला. चौथ्या दिवशी कळंब्याच्या बाजूला भाड्याच्या खोलीत तो सापडला.

पूर्वी दुकानदारांच्या वेबसाइट करून द्यायचा; धंदा बसला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ही म्हण शाळेत पाठ केली होती, पण तिच्यावर पोट भरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. चौकशीत त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत.

"सायेब, मी चोरलं काय? ती नावं माझी न्हवती, पर दुसऱ्या कुणाचीबी न्हवती. मोकळीच हायत. कुणीबी घ्यावी."

"मग लोकांनी तुला पैसे का दिले?"

"नाव मिळावं म्हनून कोन देत न्हाय, सायेब. समोरच्याला मिळू नये म्हनून देत्यात."

कॉन्स्टेबलनं तिथल्या तिथं पडताळून पाहिलं. खरंच होतं. तो पत्ता कुणाच्याच मालकीचा नव्हता आणि किलोभर चटणीच्या भावात कुणालाही घेता आला असता.

दोन्ही भावांना मी पुरवणी जबाबासाठी बोलावलं. आता गैरसमज मिटेल, दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतील, असं मला भाबडेपणानं वाटलं होतं. नाव अजून मोकळंच आहे, हे मी दोघांपुढं मोठ्यानं सांगितलं. दोघांचेही हात खिशातल्या फोनकडं गेले. समोरचाही नाव मागतोय असं सांगणारा, इतके दिवस खोटा असलेला तो ईमेल माझ्या एका वाक्यानं खरा केला.

"थोरला मी हाय. नाव माझंच," थोरले म्हणाले.

त्या दिवशी तासभर गप्प बसलेला धाकटा ताडकन उठला. "आता न्हाय अण्णा! मला जीपमधनं आणवलंस. आता न्हाय सोडणार."

दाराबाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. दोघांची थोरली बहीण. जीपची बातमी ऐकून सासरहून आल्या होत्या. तक्रार दोन भावांची, म्हणून मी त्यांना आत बोलावलंच नव्हतं. आता त्या स्वतःच आत आल्या.

"अक्का, तुझं काय काम हितं?" थोरले म्हणाले.

"माझं काय काम? अप्पा तुमच्या दोघांचाच हुता व्हय रं? मी काय वाऱ्यावरनं आले?" मग त्या माझ्याकडं वळल्या. "सायेब, हक्कसोडपत्रावर मी सही केली तवा सगळं वाचून घेतलंतं. घर हुतं, रान हुतं, मिरची कांडायचा डंक हुता. भावांसाठी सोडलं, खुशीनं सोडलं. अप्पांचं नाव सोडल्याचं त्यात कुठं लिवलं न्हवतं."

बहिणीनं वडिलांच्या मिळकतीवरचा हक्क भावांसाठी सोडायचा, ही आपल्याकडची रीत. पण त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालायला मलाही कलम सापडलं नसतं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशानं त्यांनी ते नाव घेतलं. कॉन्स्टेबलनं कुठं काय दाबायचं तेवढं दाखवलं. भाऊ दोन बाजूंना उभे राहून बघत होते.

"वापरा, माझी ना न्हाय," त्या उठताना म्हणाल्या. "पर मागाय दोघं मिळून या. एकटा आला तर उंबऱ्यातनंच परत."

महिन्याभरानं दोघं भाऊ एका मोटारसायकलवरून बहिणीकडं गेल्याचं कॉन्स्टेबलनं सांगितलं. गाडीवर ते काय बोलले, बोलले की नाही, ते मला माहीत नाही.

आरोपीवर दोषारोपपत्र दाखल झालं. मला या प्रकरणानं आरोपीबद्दल थोडंच शिकवलं. माझं मन अडकलं ते त्या बाईच्या एका वाक्यात, "सगळं वाचून घेतलंतं". माझी धाकटी बहीण शाहूवाडीकडं दिली आहे. आमच्या रानाच्या हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली तेव्हा मी तासाभराची सवड काढून वर्दीतच गेलो होतो. इथं कर, इथं कर, असं बोटानं दाखवलं आणि तिनं केली. आयुष्यभर परक्या माणसांना जबाब वाचून दाखवून मगच सही घेतली, आणि घरच्या माणसाला एक ओळ वाचून दाखवली नाही.

निवृत्त झाल्यावर तो कागद घेऊन तिच्याकडं गेलो. ती पडवीत तांदूळ निवडत होती. का आलो ते सांगितलं.

"आता वाचून काय हुणार, दादा?" ती म्हणाली.

मी कागदाची घडी करायला लागलो. तिनं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि समोर येऊन बसली.

"पर वाच," ती म्हणाली.