चौथा बोल्ट

आमच्या कारखान्यात त्याला सगळे 'थांबाजरा' म्हणत. खरं नाव फक्त हजेरीच्या पुस्तकात होतं. कुणी जोर लावून काही करताना दिसलं की हा हातातलं काम ठेवायचा, "थांबा जरा" म्हणायचा आणि बघत उभा राहायचा. जिथे फार जोर लागतो तिथे आधी कुणीतरी डोकं चालवायचं राहिलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. तो फिटर होता. आम्ही पाण्याचे पंप जोडायचो. त्याच्या शेजारच्या बाकावर मी सव्वीस वर्षं काढली.

पहिली अकरा वर्षं आम्ही चौदा जण होतो, मालक धरून. एकच लांब खोली, वर पत्रा. ओतकामासाठी लाकडी साचे करणारा सुतार आमच्यापासून बारा पावलांवर. जेवायला एकच टेबल. त्या टेबलाची एक रीत होती. जो भाग त्रास देतो तो आणून डब्यांच्या मधोमध ठेवायचा. सगळ्यांनी तो हातात घेऊन बघितल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मालकांनीसुद्धा. भुकेलेला माणूस लवकर विचार करतो.

एकदा मालक म्हणाले, "अरे, बायको विचारते, डब्याला रोज ग्रीसचा वास कसा?"

सुतार म्हणाला, "मालक, इथे ग्रीसला तुमच्या भाजीचा वास लागलाय. त्याचं काय?"

दुपारी जे ठरायचं ते संध्याकाळी सुताराच्या हातात असायचं. दहातले सहा बेत फसायचे, हेही लिहिलं पाहिजे. पण फसला हे दुसऱ्याच दिवशी कळायचं.

मग मालक थकले आणि एका मोठ्या कंपनीने कारखाना घेतला. नऊशे माणसं झाली. पक्की इमारत, वेळेवर पगार, वर्षाला बुटांचे दोन जोड. मी वाईट बोलणार नाही. सुतार मात्र गेला. साचे दुसऱ्या गावात होऊ लागले, पंपांचे नकाशे तिसऱ्या.

दहाएक वर्षांनी कंपनीने स्वतःचा पंप जोडायला दिला. त्याच्या झाकणाला चार बोल्ट. तीन बोल्टांना पाना सरळ फिरायचा. चौथा नळीच्या वळणाआड. तिथे पाना बोटभर फिरायचा आणि अडायचा. काढा, लावा, फिरवा. बावीस वेळा. मनगट वाकडं धरून. दिवसाला तीस पंप. थांबाजराने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "भोक दोन सूत डावीकडे घ्या. पाव इंच. बास."

सांगितलं, पण कुणाला? त्याने जुनी रीत धरली. झाकण उचललं आणि जेवणाच्या सुट्टीत नेऊन मॅनेजरसाहेबांच्या डब्याशेजारी ठेवलं.

तासाभरात त्या झाकणावर सदोष मालाची लाल चिठ्ठी लागली. त्या दिवशीचे सगळे पंप अडवले गेले. तपासणीवाले माप घेऊन आले. माप बरोबर निघालं. मग साहेबांनी त्याला बोलावलं.

"यात दोष काय आहे?"

"दोष नाही, साहेब. त्रास आहे."

साहेब सज्जन होते. त्यांनी दोष नोंदवायचा फॉर्म उलटापालटा करून पाहिला. "त्रासाचा रकाना नाही हो यात."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काय मिळालं?"

"सगळ्यांनी झाकण हातात घेतलं," तो म्हणाला. "पण बोल्ट कुणी आवळून नाही बघितला."

त्यानंतर त्याने सूचनांचा फॉर्म भरला. चार वर्षांत पाच वेळा. त्याची निवृत्ती जवळ येत चालली आणि त्याचं मागणं लहान होत गेलं. आधी म्हणायचा, भोक हलवा. मग म्हणायचा, ज्याने हा नकाशा काढला त्याने एकदा इथे यावं, एक बोल्ट आवळावा. एवढंच.

शेवटचे चार महिने उरले तेव्हा नकाशा खात्याच्या एक बाई दुसऱ्याच कामाने आल्या. त्याने वाट अडवली. "बाई, थांबा जरा." पाना पुढे केला.

साहेब मागून म्हणाले, "अहो, त्यांना उशीर होतोय."

बाईंनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि पाना घेतला. नवव्या खेपेला बोटं सोलली. त्या थांबल्या नाहीत. बावीस खेपा पूर्ण केल्या.

"हे मला कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. मग त्याच्या बाकावर बसून त्यांनी त्याला समजावलं. हेच झाकण अकरा जातींच्या पंपांना बसतं. भोक हलवलं तर पाणी गळू न देणारं आतलं पॅकिंग बदलावं लागणार. आधी विकलेल्या हजारो पंपांना मग सुटा भाग मिळणार नाही. नवीन पंप निघेल तेव्हाच करता येईल. तीन वर्षं तरी लागतील.

त्याने झाकण उलटं करून पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाला. "आमचा तेव्हा एकच पंप होता."

तो आनंदात निवृत्त झाला असं लोक म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. भेटला की आधी तेच विचारायचा, "चौथ्याचं काय?" वहिनी चिडवायच्या, "सवत बरी, पण हा बोल्ट नको."

चार वर्षांनी नवा पंप आला. माझं निवृत्तीचं वर्ष होतं. चौथा बोल्ट सहा फेऱ्यांत बसला. त्या आठवड्यात आमच्या ओळीत कुणीही मनगटाला पट्टी बांधली नाही. शिवाय तोच पंप कंपनीच्या पाच कारखान्यांत जोडत होते. चौदा माणसांना हे जन्मात जमलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे गेलो. तो पलंगावर बसून होता. सांगितलं.

"किती हलवलं?"

"तीन सूत."

"तीन?" तो ताठ बसला. "मी दोन म्हटलं होतं. तीन का?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

कुणाला विचारणार? बाई दुसऱ्या खात्यात गेल्या होत्या. साहेब बदलले होते. मी तसं म्हणालो.

"तीनला काहीतरी कारण असणार," तो म्हणाला. "उगाच कुणी एक सूत जास्त घेत नाही. माझं कुठे चुकलं?"

वहिनींनी ताटं वाढली. आम्ही दोघं पलंगावरून उठलो नाही. त्याने अंगठा आणि बोट तीन सूत अंतरावर धरलं होतं आणि तो त्यातून बघत होता.