मरेल शे

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. पुण्याची मुलगी मी. लग्न झालं आणि थेट प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यात येऊन पडले, कारण यजमान तिथल्या शाळेत मास्तर. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. मराठी मुलूख म्हणून निर्धास्त निघाले, तर मराठी फक्त शाळेत आणि कचेरीत. बाकी सगळी अहिराणी. मला वाटलं, त्यात काय मोठं, दोन-चार शब्द इकडचे तिकडे! हाच तो माझा शहाणपणा.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी परसातल्या मेथीच्या वाफ्यात कवठाएवढा काटेरी गोळा सापडला. साळिंदराचं पिल्लू समजून मी किंचाळले. घरमालकीणकाकी धावत आल्या. "माय वं! हाऊ ते शेळो शे," त्या म्हणाल्या. गावातल्या गुजरांचा हा शब्द. टोकदार नाकाचं हे जनावर किडे खातं, विंचू खातं, भाजीला तोंड लावत नाही, आणि थंडी पडली की अंगाचा गोळा करून कुठेतरी पडून राहतं. काकींनी गोळा काठीने उलटापालटा केला, हुंगला आणि सांगितलं, "मरेल शे."

मरेल? मी इथे असताना? डोंबल!

दोन दिवस मी घर डोक्यावर घेतलं. यजमानांचा मफलर गुंडाळला, टोपली शेगडीजवळ ठेवली, बोळ्याने कोमट दूध घातलं. काकी डोकावून म्हणायच्या, "अवं बाई, मरेल शे!" आणि मी फणकारायची, "मरेल मरेल काय लावलंय? जरा शुभ बोला की!" तिसऱ्या दिवशी घरभर वास सुटला. तेव्हा कुठे यजमानांनी नाक दाबून सांगितलं की अहिराणीत 'मरेल शे' म्हणजे मेला आहे, आणि 'झोपेल शे' म्हणजे झोपला आहे.

"मग दोन दिवस मूग गिळून का बसला होतात?"

"तुझ्यापुढे बोलणार कोण?"

मास्तरीणबाईने मेलेल्याला दूध पाजलं, हे गावभर झालं. विहिरीवर गेले की बाया पदराआड खुसखुसायच्या. अस्सा संताप यायचा! पुढच्या हिवाळ्यात एक शेळो जगवून दाखवीनच, असं मी काकींना बजावलं.

पावसाळ्यात एक आलाही. मी वांग्यांवरचे किडे वेचून त्याच्यापुढे टाकायची. थंडी सुरू झाली तसा तो पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली शिरला. कापूस वेचून झाल्यावर उपटलेली ती वाळकी झाडं म्हणजे आमचं वर्षाचं सरपण. मी एका काडीला कुणाला हात लावू दिला नाही. यजमान ऐन पौषात दात वाजवत गार पाण्याने आंघोळ करायचे. "शेळोने राहायचं आणि मी मरायचं," म्हणायचे. म्हणेनात का! काकी मात्र खूश होत्या. थंडी सरेपर्यंत ढीग उचकू नको, एवढंच सांगून त्या लेकीकडे शहाद्याला गेल्या.

तेवढंच माझ्याच्याने झालं नाही. चार दिवस कडाक्याची थंडी पडली आणि पाचव्या दिवशी मी पऱ्हाट्या बाजूला केल्याच. गोळा तसाच, दगडासारखा गार. काडीने टोचलं, काही नाही. कान लावला, श्वास ऐकू येईना. गेल्या वर्षीच्यासारखाच. रडू कोसळणार, इतक्यात कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. विहिरीवर सगळ्यात जास्त हसणारी हीच. म्हटलं, आता पुन्हा हसू करून घ्यायचं नाही. मान ताठ करून, चांगलं खणखणीत बोलले, "मरेल शे!"

ती हसली नाही. मला केवढं बरं वाटलं, काय सांगू! लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणून मी त्याला पुरला आणि माती पायाने दाबली.

तिसऱ्या दिवशी काकी परतल्या त्या आधी परसात गेल्या. "मन्हा शेळो कोठे गया?" मी सांगितलं. वास येत होता का, त्यांनी विचारलं. नव्हता. त्यांचा चेहराच उतरला. "अवं, झोपेल व्हता तो!"

खुरपं घेऊन मी धावले. लिंबाखालची माती भराभर उपसली. कप्पाळ माझं, पुरताना मी बंद गोळा पुरला होता! आता त्याचं नाक बाहेर आलं होतं, पुढचे पाय ताणलेले होते आणि नखांत माती भरली होती. काकींनी त्याच्या तोंडावरची माती पदराने पुसली आणि हळूच म्हणाल्या,

"आते मरेल शे."