अंगणातली संत्रा बर्फी

सौंसरला आमच्या अंगणात थंडीच्या दिवसांत दुपारभर संत्री सोलली जायची. आई संत्रा बर्फी करायची. आधी पाहुण्यांपुरती, मग शेजाऱ्यांसाठी, आणि हळूहळू लोधीखेड्याच्या नि पांढुर्ण्याच्या दुकानांतून मागणी येऊ लागली. तेव्हा गल्लीतल्या बायका तिच्या मदतीला आल्या. फोडींवरचा पापुद्रा काढता काढता त्यांच्या गप्पा रंगत. शाळेतून आलो की मी तिथेच पोतं टाकून अभ्यासाला बसायचो. अभ्यास कमी, ऐकणंच जास्त.

मग एक दिवस दुकानदार आईला म्हणाला, "वहिनी, परवाना नसला तर माल ठेवता येत नाई आता."

बाबूजी, माझे वडील, शिक्षक होते. त्यांनी परवान्यासाठी जिल्ह्याच्या गावी, छिंदवाड्याला, चकरा सुरू केल्या. छोट्या लाईनच्या, अरुंद रुळांवरच्या गाडीनं सकाळी जायचे, अंधार पडता पडता परत. कधी साहेब दौऱ्यावर, कधी जागेचा दाखला हवा. तो नेला तर दुसऱ्याच खात्याची मंजुरी. पुढची थंडी आली तरी तेच. शेवटी आईच म्हणाली, "राहू द्या आता. तुमच्या साऱ्या सुट्ट्या त्याच्यातच जाऊन राहिल्या."

अंगण रिकामं झालं. शेजारची काकू नवऱ्यासोबत कामासाठी नागपूरला निघाली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली. "घराजवळ काम होतं वं माय," एवढंच म्हणत राहिली.

अलीकडे माझ्या धाकट्या बहिणीनं रामाकोन्याला शेड घेऊन तीच बर्फी करायला घेतली. परवाना तिनं घरी बसून मोबाईलवर काढला. बाबूजी बाजूला बसून बघत होते.

"कोणाले भेटा लागलं नाई?"

"नाई ना, बाबूजी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं झालं," म्हणाले.

पण परवाना हाती आला म्हणून बायकांना लगेच कामं मिळाली नाहीत. विजेच्या जोडणीसाठी बहिणीला खूप थांबावं लागलं. पहिल्या थंडीत ती आणि आई, दोघीच कढईपाशी. नागपूरच्या एका मोठ्या दुकानानं कायमचा माल घ्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे तिनं बायका बोलावल्या. पहिला फोन काकूला केला. काकू सुनेला घेऊन परत आली.

मागच्या महिन्यात मी तिथे गेलो. डोक्याला टोप्या, हातात मोजे, यंत्राचा आवाज. बोलायला सवडच नव्हती. मला ते जरा परकं वाटलं. मग जेवणाची सुट्टी झाली. साऱ्या जणी बाहेर उन्हात डबे उघडून बसल्या. मधोमध आई. काकू तिला सुनेच्या माहेरचं काहीतरी सांगत होती आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. सुट्टी संपली तशी बहीण दारात आली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि हाक न मारताच आत गेली.