कात्रजच्या बसमधल्या बाई

स्वारगेटला कात्रजची बस भरत होती, तेव्हा साठीच्या एक बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मार्केट यार्डात दिवसभर कांदा निवडून त्या घरी निघाल्या होत्या. बस सुटली आणि त्या रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागल्या. "दा-तां-चा द-वा-खा-ना!" शब्द जुळला की मला कोपर बसायचं.

पुढचे गृहस्थ मान वळवून म्हणाले, "अहो, पाट्या आम्हालाही दिसतात."

"तुमास्नी लहानपणापास्नं दिसत्यात," बाई हसल्या. "मला ह्या महिन्यापास्नं दिसाय लागल्या."

त्यांच्या वस्तीत संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला होता. आजवर त्या विचारून बसमध्ये चढत. एकदा कुणीतरी चुकीची बस दाखवली आणि त्या हडपसरला जाऊन रडत बसल्या होत्या. आज पहिल्यांदाच पाटी स्वतः वाचून चढल्या होत्या.

एकदम त्यांनी मला विचारलं, "हे समदं आधीपास्नं लिवलेलं हुतं?"

मी मान हलवली. याच रस्त्यानं मी वीस वर्षं जाते, पण यातली एकही पाटी मला आठवून सांगता आली नसती.

"बाई, उजवीकडे बघा, मोठी येतेय!" आता ते गृहस्थच ओरडले.

"सा-र्व-ज-नि..." एवढ्यात बस पुढे गेली. गृहस्थांनी सांगायला तोंड उघडलं.

"सांगू नगा!" बाई ताडकन उठल्या. कात्रज अजून लांब होतं, तरी पुढच्याच थांब्यावर त्या उतरल्या आणि पिशवी सावरत, जवळजवळ पळतच, मागे राहिलेल्या त्या पाटीकडे निघाल्या.