सासऱ्यांचा गुलाब साबण

आमच्या घरात विकतची साबणाची वडी शेवटची कधी आली, हे विचारलं तर माझ्या नवऱ्याला डोकं खाजवावं लागतं. तसं डोकं खाजवायला त्याला निमित्त लागत नाही, कारण आमच्याकडे शाम्पूही घरचाच असतो.

हे सगळं माझ्या सासऱ्यांचं कर्तृत्व. साबण, शाम्पू, दंतमंजन, दाढीचा फेस, भांडी घासायची पावडर, काचा पुसायचं पाणी, सगळं स्वयंपाकघरामागच्या अरुंद बाल्कनीत तयार होतं. तिथे एक जुनी शेगडी, दोन स्टीलची पातेली आणि एक लाकडी डाव आहे. त्या डावाला हात लावायची घरात कुणाची टाप नाही. सासऱ्यांचं म्हणणं असं, की दुकानदार आपल्याला फेस विकतो. फेस म्हणजे काय? हवा. आणि हवेला पैसे मोजणारा माणूस मूर्ख. हे ते इतक्या शांतपणे सांगतात की ऐकणाऱ्याला स्वतःच्या न्हाणीघरातली बाटली आठवून खजील व्हायला होतं.

नवीन काही केलं की त्याची चाचणी अर्ध्यावर करायची हा त्यांचा नियम. अर्धी फरशी घरच्या पाण्याने, अर्धी बाजारच्या. अर्धा आरसा, अर्धं डोकं. डोकं अर्थातच मुलाचं. मी नवऱ्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा तो सारखा डावी बाजू माझ्याकडे करून बसत होता. मला वाटलं, लाजाळू आहे. पुढे कळलं की उजवी बाजू वाळलेल्या गवतासारखी उभी राहिली होती आणि तो ती भिंतीकडे ठेवत होता. तोवर माझं मन बसलं होतं, आता काय करता!

बाटल्या सगळ्या दुधाच्या, एकसारख्या. कुठल्या बाटलीत काय आहे ते गळ्याला बांधलेल्या दोऱ्याच्या रंगावरून ओळखायचं. एकदा दोरा सुटला आणि नवऱ्याने काचा पुसायच्या पाण्याने चूळ भरली. व्हिनेगर होतं म्हणून निभावलं. सासऱ्यांनी त्याला खिडकीजवळ नेलं, तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, "दात बघ कसे निघालेत!"

पण त्यांचा खरा जीव गुलाब साबणात. फुलवाल्याने टाकून दिलेल्या पाकळ्या ते पिशवी भरून आणतात, उकळतात, गाळतात. मग खोबरेल तेल, कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि हा गुलाबाचा काढा एकत्र करून बराच वेळ घोटतात आणि दुधाच्या रिकाम्या खोक्यांत ओततात. कपाटावर पाच-सहा आठवडे मुरला की साबण तयार. आता कॉस्टिक सोड्यापुढे बिचाऱ्या गुलाबाचं काय चालणार? हाती येते ती एक गुळगुळीत, टणक वडी. फेस भरपूर, अंग स्वच्छ करण्यात एक नंबर आणि वास म्हणाल तर धुतलेल्या दगडाला असतो तेवढाच.

वडी निघाली की समोर जो असेल त्याच्या नाकाखाली धरून ते विचारतात, "येतोय ना गुलाब?"

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे विचारलं. माझी जीभ मुळातच तिखट. "कसला गुलाब?" हे शब्द ओठांवर आले होते, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या पायावर पाय दिला. नुसता ठेवला नाही, दिला. "येतोय की," त्या म्हणाल्या. "मागच्यापेक्षा यावेळी जरा गोडसर आहे." सासरे खूश होऊन बाल्कनीत गेले आणि सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटून घेतलं.

"त्यांचं नाक गेलंय," त्या हळूच म्हणाल्या. "कशाचाच वास येत नाही. पण हे आपल्याला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं. तसंच वाटू दे."

सासरे डेअरीत होते. गेटवर आलेल्या दुधाच्या कॅनचं झाकण उघडून वास घ्यायचा आणि दूध आत घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. एका थंडीत त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण नाक परत आलं नाही. नाक गेलेल्या माणसाला त्या गेटवर कोण उभं करणार? म्हणून ते कुणाला बोलले नाहीत. पगार घरात येत राहायला हवा होता, आणि बायको काळजीने झुरेल ही भीती वेगळीच. झाकण उघडणाऱ्या हमालाचा चेहरा बघायचा, थेंबभर दूध जिभेवर ठेवायचं आणि निकाल द्यायचा, असं त्यांनी निवृत्त होईपर्यंत रेटलं. एकही नासका कॅन आत गेला नाही म्हणे.

"मग तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? हे तापातून उठले त्याच आठवड्यात एकदा मी खाली गेले होते. येऊन बघते तर दूध करपून काळं, घरभर धूर, शेजारीण दार ठोकतेय. आणि हे शेगडीशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतायत! मला म्हणाले, दूध झालं असेल बघ गं. मी म्हटलं, झालं." सासूबाईंनी दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. आणि हे बघ, नुसतं हो म्हणत जाऊ नकोस. रोज रोज तेच हो म्हटलं की संशय येतो. थोडा मसाला घालायचा."

सासूबाई दोन वर्षांनी गेल्या आणि मसाला घालायचं काम माझ्याकडे आलं. सासऱ्यांची नोकरी जाण्याचा प्रश्न आता राहिला नव्हता. पण माझ्यापुढे दुसराच पेच होता. सासूबाईंच्या आठवणी निघाल्या की सासरे म्हणत, "तिला माझ्या साबणाची खरी पारख होती. मागचा गुलाब आणि आजचा गुलाब यातला फरक सांगायची." साबणाला वास नाही हे त्यांना कळलं असतं, तर बायकोचं ते सगळं कौतुक एका क्षणात खोटं पडलं असतं. तेवढं मला कदापि होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मीसुद्धा वड्या हुंगून "आज ओल्या पाकळीसारखा येतोय" असलं काहीतरी ठोकून देत असे. खोटं बोलताना माझे कान लाल होतात. त्यांना नशिबाने नाकाचीच पडलेली असायची.

नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. हल्ली लोक वेळ फोनवर बघतात, त्यामुळे तो दिवसभर स्वतःचीच घड्याळं पुसत बसतो. शेवटी मी नोकरी शोधायला निघाले. बाजारपेठेत एक अत्तराचं दुकान होतं, तिथे विक्रीला बाई हवी होती. माझ्याखेरीज आणखी तिघी आलेल्या. दुकानाच्या मालकीणबाई उंच, पांढऱ्या केसांच्या आणि बोलायला करवतीसारख्या. त्यांनी शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. एकेकीला जवळ बोलावलं आणि चक्क हुंगलं.

"पावडर," पहिलीला म्हणाल्या. "केसांचं तेल," दुसरीला. तिसरीला म्हणाल्या, "लिंबाचा साबण आणि कपड्यांना निळ्या पुड्यातली पावडर." मग माझी मनगटं हुंगली, बाही हुंगली, केस हुंगले. पुन्हा मनगटं. "तुम्ही काय लावता?"

"काही नाही. घरचा साबण. सासरे करतात."

"इथे गिऱ्हाइकाला अत्तराचा वास यायला हवा, विकणारीचा नाही. उद्यापासून या. ज्या दिवशी अंगाला वास आला, त्या दिवशी परत घरी."

मी उड्या मारत घरी आले आणि आनंदाच्या भरात बोलून गेले, "बाबा, तुमच्या साबणामुळे नोकरी मिळाली!" बोलले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता. सासऱ्यांनी त्याचा अर्थ लावायचा तोच लावला. "म्हणजे अत्तरवालीलासुद्धा माझा गुलाब आवडला!" संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या प्रत्येक मजल्याला ही बातमी कळली होती. नवरा मला म्हणाला, "आता निस्तर." हा माणूस संकटात नेहमी एवढाच कामाला येतो.

पुढच्याच महिन्यात सासऱ्यांनी जाहीर केलं की ते मालकीणबाईंना साबणाचं खोकं भेट द्यायला येणार. नुसती भेट नव्हे, चार पारखी शब्द ऐकायचे होते. "ती गेल्यापासून जाणकार माणूसच भेटलं नाही," ते म्हणाले.

मी आदल्या दिवशी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. नाक, डेअरी, सासूबाई, सगळं. हात जोडले. "फक्त छान वास आहे म्हणा."

"मी वासाबद्दल खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "माझं दुकान त्याच्यावरच चालतं. तुमचे सासरे आहेत, तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून हजर. खोक्यात सहा वड्या, प्रत्येकीवर काडीने कोरलेलं फूल. फूल कोबीसारखं दिसत होतं, पण कष्ट दिसत होते. मालकीणबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि रीत म्हणून अत्तरात बुडवलेली कागदाची एक पट्टी पुढे केली. सासऱ्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "वा!" दुसरी पट्टी. "वा वा! ही जरा थंड आहे." मी काउंटरमागे देवाचा धावा करत होते. तिसरी पट्टी मालकीणबाईंनी कोरीच दिली. सासऱ्यांनी ती नाकाला लावली, मान डोलावली आणि म्हणाले, "ही सगळ्यात भारी! महाग असणार."

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मुद्दाम खोडी काढायची नव्हती, खात्री करायची होती, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मात्र त्यांच्या डोक्यात बाटली घालावीशी वाटली.

"आणि माझा गुलाब?" सासऱ्यांनी वडी पुढे केली. "स्पष्ट सांगा."

मालकीणबाईंनी वडी घेतली, शांतपणे हुंगली, उलटी करून हुंगली. "काका, याला वास नाही. अजिबात नाही. म्हणूनच मी हिला घेतलं. असा साबण मला बाजारात मिळत नाही. माझ्या दुकानातल्या इतर दोघींसाठीही हवाय, किंमत तुम्ही सांगाल ती."

दुसरा कुणी असता तर ऑर्डर मिळाली म्हणून नाचला असता. सासरे हसले, जसं लहान मुलाच्या चुकीला हसतात तसं. "तुम्हाला सर्दी झाली असेल. माझी बायको दर खेपेला सांगायची, आजचा गोडसर आहे, आजचा गडद आहे. अगं सूनबाई, सांग ना यांना."

त्यांनी वडी माझ्या नाकाखाली धरली. नेहमीचं "हो" तोंडात तयार होतं. पण माझ्या लक्षात आलं की या "हो"ने आता काहीच वाचणार नाही. ते शहाणे आहेत. घरी जाऊन ते विचार करतील आणि एकट्यानेच सगळं जुळवतील. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मला रडू आलं आणि मी बोलून टाकलं.

"बाबा, आईंना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुमचं नाक."

दुकानात एक गिऱ्हाईक शिरत होतं. मालकीणबाईंनी त्याला हातानेच बाहेर थांबवलं.

"कधीपासून?" सासऱ्यांनी विचारलं.

"दूध करपलं त्या दिवसापासून."

"ते तर पहिल्याच आठवड्यात!" ते जवळजवळ ओरडले. मग त्यांनी वडी मांडीवर ठेवली. मला वाटलं, संपलं. आता हे बाल्कनीत जाणार नाहीत, डाव हातात धरणार नाहीत आणि मला कधी माफ करणार नाहीत.

"अगं, मग मी एवढी वर्षं कसली नाटकं केली!" ते म्हणाले. "तिला कळू नये म्हणून रोज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणायचो, काय वास सुटलाय! काहीही शिजत असो, माझं आपलं ठरलेलं, काय वास सुटलाय. एकदा असंच म्हटलं, आणि तिने पातेल्यावरचं झाकण काढलं, तर आत नुसतं पाणी उकळत होतं."

"मग?" मालकीणबाईंनी विचारलं. त्यांचाही आवाज करवतीसारखा राहिला नव्हता.

"मग काय? मला दरदरून घाम फुटला. ती म्हणाली, हो ना, मलाही येतोय. आणि झाकण परत ठेवलं. मला वाटलं, वाचलो!" ते हसू लागले. हसता हसता डोळे पुसू लागले. मालकीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला तो त्यांना दिसलाच नाही. "एकदाही हसली नाही गं ती," ते मला म्हणाले. "मी तोंडावर पडू नये म्हणून एवढी वर्षं हसू दाबून बसली. मी आपला समजत होतो की मीच तिला सांभाळतोय."