आला बघा सर्व्हर!

लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. जुन्नरच्या बाजारपेठेत लॅमिनेशनपासून ऑनलाइन अर्जांपर्यंत सगळं करून देणाऱ्या एका सेंटरवर मी आण्णांसोबत, म्हणजे वडिलांसोबत, अवसरीच्या कॉलेजचा अर्ज भरायला गेले होते. मुदतीचा शेवटचा दिवस होता. मागच्या दसऱ्याचं कुंकू अजून मॉनिटरच्या कपाळावर होतं. सगळी माहिती भरून झाली, पण अर्ज पाठवायचं बटणच दिसेना. शाळेच्या लॅबमध्ये मी दोन्ही ब्राउझर वापरले होते. इथं उघडलेला रखडायचा, दुसरा पळायचा. म्हणून म्हटलं, "काका, तो दुसरा ब्राउझर उघडा ना." सेंटरवाला माझ्याकडं न बघता आण्णांना म्हणाला, "पावणं, ब्राउझर बदलून काय व्हतंय? नेट एकच हाय. सर्व्हर डाऊन हाय, उद्या या." उद्या कशाला, मुदत संपल्यावर? मी सरळ माऊसला हात घातला, तर आण्णाच खेकसले, "गप बस! मशीन त्यांचं हाय, त्यांना कळतं." मी रागानं दारात जाऊन उभी राहिले. वळून बघते तर त्यानं गुपचूप दुसराच ब्राउझर उघडला होता. अर्ज गेला. "आला बघा सर्व्हर!" तो म्हणाला, आणि आण्णांनी त्याला चक्क हात जोडले. आता एकच साइट सगळ्या ब्राउझरमध्ये नीट चालते का, हे तपासायचाच मला पगार मिळतो. परवा आण्णांचा फोन आला, मोबाईलवर सातबारा उघडंना. म्हटलं, "आण्णा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा." ते म्हणाले, "थांब, सेंटरवाल्याला इचारतो."